सुकेशनीच्या कार्डाला हळद लागली

बजाजनगरच्या त्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं आहेत. एका घरात फोडणीला मिरची पडली की शेजारच्या घरात ठसका लागतो, आणि एका घरात नवराबायकोचं वाजलं की तिसऱ्या घरातला टीव्ही आपोआप बारीक होतो. अशा गल्लीत एखाद्याने काही लपवून दाखवायचं म्हणजे कमालच. पण सुकेशनीने ती कमाल कैक वर्षं करून दाखवली होती. घराच्या मागच्या खोलीत बसून ती काय करते, हे तिच्या घरातल्यांनाच धड सांगता येत नव्हतं, तिथं गल्लीची काय कथा!

मग गल्लीने आपापल्या कुवतीप्रमाणे अंदाज बांधले. समोरच्या आवडाबाईचं म्हणणं, ती रमी खेळते आणि जिंकते. नाहीतर बाई कामाला बसल्यावर एवढी खुशीत कशी? कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचं म्हणणं, तिला परदेशातल्या कंपनीची गुपचूप नोकरी आहे, कारण एकदा दुकानात साबुदाणा घेताना फोनवरचं इंग्रजी वाचून ती एकटीच हसली होती. इंग्रजी वाचून हसणारं माणूस साधं नसतं, हे त्याचं पक्कं मत.

खरी गोष्ट सरळ होती, फक्त सांगायला जरा अवघड. सुकेशनी माहेरची फुलंब्रीची. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, वाळूजच्या एका कारखान्यात सर्किट बोर्ड दुरुस्त केले, मग बिभीषणशी लग्न झालं. बिभीषण पिशोरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, आता इथं एका कंपनीत फिटर. लग्नानंतर तिने घरीच इन्व्हर्टरचे, वेल्डिंग मशीनचे बोर्ड दुरुस्तीला घ्यायला सुरुवात केली. आणि अशातच कडूबाशेठचा निरोप आला.

कडूबाशेठचा वाळूजला स्प्रिंगा बनवायचा छोटा कारखाना. तिथं स्प्रिंग दाबून तिची ताकद मोजणारं एक जुनं यंत्र, त्याला जोडलेला जुना कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरच्या पोटात खोचलेलं वीतभर लांब हिरवं कार्ड. स्प्रिंग किती जोरात उलटी ढकलतेय हे ते कार्ड विजेवरून ओळखायचं आणि कॉम्प्युटरला कळवायचं. कार्ड बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. कॉम्प्युटर चालायचा लिनक्सवर, आणि कुणा हौशी पोराने त्यात लिनक्सची नवी आवृत्ती टाकल्यापासून यंत्र भलतेच आकडे दाखवायला लागलं होतं. सुकेशनीने त्यात डोकं घातलं, शेठकडे पडून असलेलं तसलंच जादा कार्ड आणून घरच्या जुन्या कॉम्प्युटरात खोचलं, आणि दोष सापडल्यावरच डोकं बाहेर काढलं. कार्ड ठीक होतं, कॉम्प्युटर ठीक होता; दोघांच्या मधला दुभाष्या चुकत होता.

या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, असे हजारो दुभाषे बसलेले असतात. एकाला प्रिंटरची भाषा येते, एकाला कॅमेऱ्याची. या कार्डाची भाषा जाणणारा दुभाष्या कुणा परदेशी म्हाताऱ्याने पूर्वी कधीतरी लिहून ठेवला होता. सुकेशनीने त्यातली चूक दुरुस्त करून पाठवली, तर म्हाताऱ्याचं उत्तर आलं: डोळे आता साथ देत नाहीत, माझ्याकडचं कार्डही जळालं. तू कोड वाचतेस, तुझ्याजवळ कार्ड आहे, यापुढे हा तूच सांभाळ.

झालं. कर्नलमधला कोणता भाग कोण सांभाळतं ते जिथं लिहिलेलं असतं, तिथं म्हाताऱ्याच्या जागी सुकेशनीचं नाव आलं. पगार नाही, शाल नाही, नारळ नाही. पण जगात कुठंही कोणी तो कोड उतरवून घेतला की बजाजनगरच्या सुकेशनीचं नाव त्याच्यासोबत जाणार! त्या दिवशी तिने सढळ हाताने तूप घालून शिरा केला. सासूने विचारलं, "शिरा कशाचा गं?" तर म्हणाली, "आत्याबाई, मी एक लेकरू दत्तक घेतलं." सुगंधाबाई हातातला घास तसाच धरून दारापर्यंत जाऊन आल्या, लेकरू कुठं उभं आहे ते बघायला.

या सुगंधाबाईंची ओळख नीट करून घ्या, पुढे त्यांचंच काम आहे. उभा जन्म पिशोरच्या माळावर मेंढरांमागे गेलेला. आता गुडघे दुखतात म्हणून लेकाकडे. हाताला काम नाही म्हणून बेजार, आणि जीभ मात्र अजून माळावरच. अलीकडे बोललेलं पलीकडच्या टेकडीला ऐकू गेलं पाहिजे, असा आवाज.

तर यंदा घटस्थापनेच्या सुमाराला सुकेशनीला एक ईमेल आला. पाठवणारा हेन्रिक, डेन्मार्कचा, कर्नलच्या त्या अख्ख्या विभागाचा कारभारी. त्याने लिहिलं होतं, की या ड्रायव्हरची खऱ्या कार्डावर चाचणी कित्येक वर्षांत कोणी केल्याचं दिसत नाही. कोड जुन्या वळणाचा आहे. तो नव्या वळणावर आणायला मी काही बदल सोबत जोडलेत. दसऱ्यानंतरच्या रविवारपर्यंत (त्याला बिचाऱ्याला दसरा काय माहीत, त्याने नुसती तारीख लिहिली होती) कोणी खऱ्या कार्डावर चालवून दाखवलं तर ठेवू. नाहीतर हा ड्रायव्हर पुढच्या आवृत्तीतून काढून टाकू.

"काढून टाकू म्हणे!" सुकेशनी खुर्चीतून उठलीच. "अंगणातलं गाजरगवत हाये का काढून टाकायला?"

बिभीषण डबा भरत होता. "कोण काढू राह्यलं? काय काढू राह्यलं?"

"माझा ड्रायव्हर. म्हणे कोणी तपासलाच नाय. अहो, सगळ्या जगात असलं कार्ड उरलं असंल तर एक कडूबाशेठच्या यंत्रात आन् एक माझ्या जुन्या कॉम्प्युटरात. मी तपासते! दाखवतेच त्याला चालवून."

आणि तिच्या अंगात जे वारं शिरलं ते शिरलंच. भाजी चिरताना ती कोड बोलायची, कपडे वाळत घालताना मध्येच थांबून आत पळायची. आवडाबाईने दोरीवर अर्धवट लटकलेली चादर पाहून गल्लीत जाहीर केलं, "आज लई मोठा डाव लागलेला दिसतो."

घर झाडायला काढलं तेव्हा सुकेशनीने ते कार्ड कॉम्प्युटरमधून काढून फळीवर स्वच्छ फडक्यावर ठेवलं, धूळ बसू नये म्हणून. मग खंडेनवमीला बिभीषणने सकाळीच मोटारसायकल धुतली, हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं आणि तिला माहेरी फुलंब्रीला घेऊन गेला. सुगंधाबाई एकट्या घरी. दसऱ्याच्या संध्याकाळी दोघं परतले, सोनं वाटून झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिभीषण कामाला गेला तशी सुकेशनी पदर खोचून मागच्या खोलीत शिरली.

जुना कॉम्प्युटर उघडाच होता. तिने कार्ड खोचलं, त्याला रेडिओच्या आवाजाचं असतं तसं एक गोल बटण तारेने जोडलं. बटण फिरवलं की पडद्यावरचा आकडा खालीवर व्हायला हवा, एवढी साधी परीक्षा. हेन्रिकचे बदल घातलेला ड्रायव्हर तयार केला. हात चोळले. हुकूम दिला.

पडदा गोठला.

माउस हलेना. कीबोर्डवरचा दिवा लागेना. पंखा तेवढा गरगरत होता. तिने बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा हुकूम दिला, पुन्हा गोठला. सगळा कॉम्प्युटर म्हसोबाच्या दगडासारखा गप्प.

"सापडलास!" सुकेशनी ओरडली. आता इथं तिने एक श्वास घ्यायला हवा होता. पण श्वास घेईल ती सुकेशनी कसली! तिने तिथल्या तिथं हेन्रिकला लिहिलं, आणि तेही सगळ्या जगातले लोक वाचतात त्या जाहीर चर्चेत: तुमच्या बदलांनी ड्रायव्हर मोडला. मशीन ठप्प होतं. हे बदल अजिबात घेऊ नका. खाली नाव लिहिलं आणि विजयाने चहा टाकला.

चहाला उकळी येते न येते तोच हेन्रिकचं उत्तर आलं. एकच ओळ. "माझे बदल नसलेला जुना ड्रायव्हर याच मशीनवर चालतो ना?"

सुकेशनीने चहा तसाच गॅसवर सोडून पुन्हा कॉम्प्युटर गाठला. चाचणी करणाऱ्याचा पहिला धडा हाच, आधी जुनं चालतं का बघायचं, मग नवं. दूध नासलं म्हणून तिने गवळ्याला भर चौकात शिव्या घातल्या होत्या, आणि आपलं पातेलं धुतलेलं होतं का ते बघितलंच नव्हतं. तिने जुना ड्रायव्हर चढवला, देवाचं नाव घेऊन हुकूम दिला. पडदा गोठला. अगदी तसाच.

चहा उतू गेला तो वेगळाच.

आता खरं लिहिण्यावाचून इलाज नव्हता. तिने लिहिलं, माझी घाई झाली, जुनाही तसाच ठप्प होतो, दोष तुमच्या बदलांचा नाही. हेन्रिक सभ्य माणूस, त्याने टोमणा मारला नाही. पण जे लिहिलं ते टोमण्याहून वाईट होतं: "म्हणजे चालतं कार्ड आता कोणाकडेच नाही असं दिसतं. तुम्ही मेहनत घेतली, आभार. काढून टाकण्याचा बदल मी रविवारी पुढे पाठवतो."

सुकेशनीने ते वाचलं आणि जिथं बसली होती तिथंच बसून राहिली. म्हाताऱ्याने भरवशाने हातात दिलेलं लेकरू, आणि ते आपल्याच हातून चाललंय!

उठली ती थेट कडूबाशेठच्या कारखान्यात. शेठ दाराशीच उभे होते, दसऱ्याचा झेंडूचा हार अजून यंत्राच्या गळ्यात.

"शेठ, तुमच्या यंत्रातलं कार्ड एका दुपारपुरतं द्या. लगेच आणून लावते."

शेठने दोन्ही हात कानाला लावले. "बाई, अजून काय बी माग. चालतं मशीन उघडायचं नाय, हा आमचा कायदा हाये. मागं एकदा नुसता पंखा पुसायला उघडलं, तर सगळी दिवाळी त्याच्यातच गेली."

"शेठ, उद्या हा ड्रायव्हर गेला तर तुम्हाला नवं लिनक्स टाकता यायचं नाय."

"मला नवं पायजेच कशाला? जुनं चालू राह्यलं ना?"

"आन् कॉम्प्युटर बिघडला, दुसरा आणला, मंग?"

शेठ जरा विचारात पडले. पण कायदा म्हणजे कायदा. त्यांनी तिला पेढा दिला, पाणी दिलं, बिघडला तर तुलाच बोलावीन असं वचन दिलं. कार्ड मात्र दिलं नाही.

परत येताना ती मोरे चौकापासून गल्लीपर्यंत पायी आली. आवडाबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती.

"काय गं सुकेशनी, तोंड कामून उतरलं? डाव हरली का?"

"हरले, मावशी."

आवडाबाईला एवढ्या सरळ उत्तराची सवय नव्हती. तिच्या हातातला लसूण हातातच राहिला.

सुकेशनी मागच्या खोलीत गेली. आता कार्ड काढून डब्यात घालून ठेवायचं, विषय संपला. तिने कार्डाचा स्क्रू सैल केला, दोन्ही कडांनी धरून कार्ड वर ओढलं, आणि सवयीने खालच्या कडेवरून बोट फिरवलं. त्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक पट्ट्या असतात, एकाला एक लागून, दातांच्या कवळीसारख्या. कार्डाचं सगळं बोलणं त्या दातांतून चालतं.

बोट पिवळं झालं.

तिने बोटाकडे बघितलं. बोट नाकाशी नेलं. वास घेतला. मग कार्ड खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. वरच्या लोखंडी पट्टीच्या खाचेत लाल कण अडकले होते.

"आत्याबाई!"

पुढच्या खोलीतून टेकडीपार जाणारा आवाज आला, "काय झालं गं? पाल पडली का?"

"आत्याबाई, इकडं या. तुम्ही याला काही लावलं व्हतं का?"

सुगंधाबाई गुडघ्यावर हात देत आल्या. कार्ड बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "व्हय तर! खंडेनवमीला पूजा केली त्याची."

"पूजा?"

"मंग! बिभीषणचे पाने मांडले, पकडी मांडल्या, तुझ्या सासऱ्याची मेंढरं कातरायची कातर मांडली, विळी मांडली. सगळ्यांच्या हत्याराला हळदीकुंकू लागलं. मंग माझ्या मनात आलं, माझ्या सुनेचं हत्यार कोणतं? ती दिवसभर ज्याच्यावर जीव टाकती ते हे! ते एकटंच कामून बिगरपूजेचं राह्यावं? म्हून उचललं, चौरंगावर ठेवलं, तेलात हळद कालवून चांगली लावली."

"कुठं लावली?"

"हे काय, या सोन्यावर. एवढं सोनं असताना दुसरीकडं कुठं लावू? आन् कुंकू या लोखंडाला. दुसऱ्या दिवशी तू यायच्या आधी पुसून जिथल्या तिथं ठेवलं. पुसलं नाय असं म्हणू नको हां!"

पुसलं होतं खरंच. कुंकू पुसलं गेलं, कारण लाल दिसतं. पण सोनेरी दातांवर बसलेली हळद दिसणार कशी? तेलासोबत ती वाळून चिकटली होती, आणि कार्ड बिचारं दातखीळ बसल्यासारखं आत बसून होतं.

सुकेशनी आधी हसली. मग इतकी हसली की भिंतीला टेकली. सुगंधाबाई घाबरल्या. "चुकलं का गं माझं? खराब झालं का ते?"

"नाय, आत्याबाई, नाय! अहो, कार्ड जिवंत हाये! माझं कार्ड जिवंत हाये!"

तिने कंपास पेटीतला खोडरबर शोधला आणि ते दात एकेक करून घासले. रबर पिवळा झाला, दात लखलखले. कार्ड खोचलं. हुकूम दिला. पडदा गोठला नाही! तिने गोल बटण फिरवलं, आकडा चढला. उलटं फिरवलं, उतरला. मग हेन्रिकच्या बदलांचा नवा ड्रायव्हर चढवला. चढला, उतरला. सासूचा हात धरून बटणावर ठेवला. "फिरवा." सुगंधाबाईंनी फिरवलं, आकडा पळाला, आणि त्या म्हणाल्या, "आगं, हे तर माझं ऐकतं!"

दुसरी कोणी असती तर इथंच हेन्रिकला लिहून मोकळी झाली असती. पण आदल्या घाईची चपराक ताजी होती. सुकेशनी खुर्चीत बसली आणि या खेपेला तिने श्वास घेतला. घेतल्याबरोबर एक प्रश्न डोक्यात टोचला. कार्डाची दातखीळ बसली, ते बोललं नाही, हे ठीक. पण त्यापायी सगळा कॉम्प्युटर का मेला?

तिने ड्रायव्हरचा कोड उघडला आणि ओळ न ओळ वाचत गेली. आणि ती जागा सापडली. सुरुवातीलाच ड्रायव्हर कार्डाला विचारतो, "कामात आहेस का?" कार्ड "हो" म्हणालं तर थांबतो आणि पुन्हा विचारतो. "नाही" म्हणेपर्यंत विचारत राहतो. आता या जुन्या कॉम्प्युटरची खोड अशी, की कार्डाकडून काहीच उत्तर आलं नाही तर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर "हो" असंच वाचलं जातं. ड्रायव्हर विचारतोय, कामात आहेस का? हो. अजून कामात? हो. अजून? हो. दारावर थाप मारत बसलेल्या माणसाला घरात कोणी नाहीच हे कळू नये, आणि त्याने जन्मभर थापाच माराव्यात, तसं. त्या थापा मारण्यात सगळा कॉम्प्युटर अडकून पडत होता. म्हाताऱ्याने लिहिला तेव्हापासून हा दोष त्यात होता. म्हाताऱ्याला दिसला नाही, हेन्रिकला दिसला नाही, इतकी वर्षं सांभाळून सुकेशनीलाही दिसला नाही. कारण चांगल्या कार्डावर तो दिसतच नाही. तो बाहेर काढायला सुगंधाबाईंची हळदच लागली.

सुकेशनीने दुरुस्ती केली: थोडा वेळ विचारून बघ, उत्तर बदललं नाही तर "कार्ड बोलत नाही" असं सांगून गुमान परत फीर. कोड तयार झाला. पण चाचणी? चाचणीला कार्ड पुन्हा तसंच मुकं करायला हवं, जसं झालं होतं तसंच.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तेलात हळद कालवा. तशीच, त्या दिवशी लावली तशी."

सुगंधाबाईंनी सुनेच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

"खरंच कालवा. पुन्हा पूजा करायची."

"खंडेनवमी झाली की!"

"या यंत्राची आज हाये."

मग काय विचारता! सुगंधाबाईंना इतक्या वर्षांत या घरात कोणी असं काम सांगितलं नव्हतं. त्यांनी वाटी काढली, करडीचं तेल घेतलं, हळद कालवली आणि कार्ड मांडीवर घेऊन एकेक सोनेरी दात मन लावून माखला. इकडे उघड्या दारातून आवडाबाई आत डोकावली, कारण हरले म्हणणारी बाई अर्ध्या तासात खदखदा हसते कशी, हे बघितल्याशिवाय तिला जेवण गेलं नसतं. तिने बघितलं ते असं: सासू हिरव्या फळकुटाला हळद लावतेय आणि सून शेजारी बसून "कोपऱ्यातल्या बी दाताला लावा" म्हणून सांगतेय.

आवडाबाई परत फिरली ती गल्लीभर वर्दी देत. "चला, चला! सुकेशनीच्या कार्डाला हळद लागू राह्यली. नवरदेव कोण ते माहीत नाय!"

गल्ली जमली. मागच्या खोलीत मावेना म्हणून दारात, दारात मावेना म्हणून खिडकीत. किराणावाला गिऱ्हाईक सोडून आला. उन्हात धरून हळद वाळवली, फडक्याने वरवर पुसली, अगदी त्या दिवशीसारखी. सुकेशनीने कार्ड खोचलं. आधी जुना ड्रायव्हर चढवला. "बघा हां, आता हा मरणार." पडदा गोठला. मेला. गल्लीने टाळ्या वाजवल्या. कॉम्प्युटर मेल्याबद्दल टाळ्या पडल्या असतील तर त्या तिथंच.

मग नवा. हुकूम दिला. एक क्षण काहीच नाही. आवडाबाईने श्वास रोखला, आणि तिने रोखला म्हणजे सगळ्यांनीच रोखला.

पडद्यावर ओळ आली: कार्ड बोलत नाही.

आणि माउस हलला!

"हलला! हलला!" खिडकीतून किराणावाला ओरडला. काय हलला, का हलला, हे त्याला आजही कोणी विचारू नये. सुगंधाबाईंनी हळदीचा हात आधी सुनेच्या गालाला लावला, मग आवडाबाईच्या.

संध्याकाळी कार्ड पुन्हा घासून, सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासून, जुनं आधी आणि नवं मग, सुकेशनीने हेन्रिकला लिहिलं. काही लपवलं नाही. कार्ड चालतं, तुमचे सगळे बदल खऱ्या कार्डावर तपासले, ठीक आहेत. आमच्याकडे दसऱ्याच्या सणाला हत्यारांची पूजा करतात, त्यात कार्डाला हळद लागली होती. त्यावरून ड्रायव्हरमधला मूळपासूनचा दोष सापडला, दुरुस्ती जोडली आहे. आता कर्नलची एक रीत अशी, की दोष ज्याच्यामुळे उघडकीला आला त्याचं नाव दुरुस्तीखाली लिहितात, आणि ते तिथं कायमचं राहतं. सुकेशनीने तिथं लिहिलं: सुगंधाबाई.

रविवार उजाडला. सुकेशनीने सकाळपासून घर तीनदा झाडलं. दुपारी हेन्रिकचा निरोप आला. एक प्रश्न होता. दोष कळवणारी व्यक्ती खरी आहे ना? आमच्याकडे खऱ्या माणसाचंच नाव चालतं.

सुकेशनी ओरडली, "आत्याबाई, डेन्मार्कचा माणूस विचारू राह्यला, तुम्ही खऱ्या हायेत का?"

"त्याला म्हणावं, ये इकडं," सुगंधाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "ये म्हणावं, पिठलं खाय, मंग सांग खरी का खोटी."

तिने तसंच्या तसं लिहून पाठवलं. पिठलं म्हणजे काय तेवढं समजावून.

दिवे लागायच्या आत उत्तर आलं. बिभीषण नुकताच ड्यूटीवरून आला होता, बूट अजून पायात होते. सुकेशनीने मोठ्याने वाचलं आणि वाचता वाचता मराठीत सांगितलं: काढून टाकण्याचा बदल मी मागे घेतला आहे. ड्रायव्हर राहील. दुरुस्ती घेतली. आणि खाली एक ओळ, माझ्याकडे असेच जुने ड्रायव्हर अजून बरेच आहेत, कार्ड मुकं झाल्यावर ते काय करतात हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं. सुगंधाबाईंना वेळ असेल का?

"वेळ?" सुगंधाबाई म्हणाल्या. "मला वेळच वेळ हाये! किती कार्डं हायेत त्याच्याकडं? आता किलोभर हळद आणून ठेव रे, बिभीषण!"

बिभीषण बूट काढायचंच विसरला होता. "आई, तुझं नाव सगळ्या दुनियेत गेलं."

"माझं?" त्या हसल्या. "मेलं रेशनकार्डावर बी धड लिहिलं नाय त्यांनी, सुगंदा केलंय. कुठं हाये माझं नाव? दाखव."

सुकेशनीने त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि इंग्रजी ओळींच्या गर्दीत एका जागी बोट ठेवलं. सुगंधाबाईंना अक्षरओळख नव्हती. तरी त्या कितीतरी वेळ तेवढ्याच जागेकडे बघत राहिल्या, कळपातलं आपलं मेंढरू ओळखून ठेवावं तशा. मग उठल्या, देवघरातली कुंकवाची डबी घेऊन आल्या, बोट बुडवलं आणि हात कॉम्प्युटरकडे नेला.

सुकेशनीने झटक्यात मनगट धरलं. "आत्याबाई!"

मग सुकेशनीने हात सोडला.

"लावा," ती म्हणाली. "पण लोखंडाला. दातं सोडून."